रोज दोन चमचे

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अजून पिकला नाही, पिकू द्या, मग काढू. त्या काळी तसंच असायचं. माणसानं वर्ष-दोन वर्षं धुक्यात बसून वाट पाहायची. बाबा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. जन्मभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलेला हा माणूस, आणि आता पेपरचा मथळासुद्धा त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखा दिसायचा. म्हणून कॉलेजला जायच्या आधी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. ओसरीवर ते भिंतीला टेकून बसत, मी उंबऱ्यावर. आतून आईच्या सुपाचा आवाज यायचा, आणि आरमोरीच्या बाजाराकडून धानाच्या गिरणीची धडधड. पत्र आलं की मी वाचायची, उत्तर ते सांगायचे नि मी लिहायची. कोणी भेटायला आलं की म्हणत, "माझे डोळे तं पिकून राह्यले. तोवर ही पोरगी माझे डोळे आहे." हे ऐकताना मी मान खाली घालायची, पण आत कुठेतरी फुलून यायची. सतरा वर्षांची होते. घरात माझी एवढी गरज कोणाला कधी लागली नव्हती.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं या कौतुकाच्या लोभातून झालं. तेव्हा मी त्याला भीती म्हणत होते. आता इतक्या वर्षांनी लिहायला बसले तर भीती हा शब्द पुरेसा वाटत नाही.

बाबांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती त्यांच्यासाठी रोजच्या जगण्याची गोष्ट होती. पाच शिलं ते नुसती म्हणत नसत, पाळत, आणि पाचवं, दारू-नशेपासून दूर राहायचं, जास्तच. आमच्या भागात मोहाचं झाड प्रत्येक बांधावर. चैत्रात पहाटे फुलांचा सडा पडायचा आणि त्याचा गोडसर, गुंगीचा वास गावभर भरून राहायचा. ज्यांच्या घरी खायला नसे त्यांच्याही घरी मोहाच्या दारूची हंडी असे. बाबांनी मोहल्ल्यातल्या बायांना घेऊन अशा कितीतरी हंड्या फोडल्या होत्या. एकदा चुकून तलावाकडच्या कवडूभाऊची पण फोडली. कवडूभाऊ ढिवर, मासे धरणारा, आमच्या मोहल्ल्यातला नव्हेच. तो भांडायला आला, आणि बोलता बोलता बाबांचा दोस्त होऊन गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मरळ नाहीतर झिंगे घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "गुरुजी, हंडीचा हप्ता आणला! तुमी फोडली अन् मीच भरून राह्यलो, असा उलटा न्याय!" बाबा हसायचे. विहारात पौर्णिमेला पंचशील द्यायला भंते नसले की बाबाच उभे राहत आणि लोक त्यांच्यामागून म्हणत. त्यांचा आवाज पाचव्या शिलाशी आला की थोडा चढायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आणि तरी आमच्या कोनाड्यात द्राक्षासवाची बाटली कायम असायची. वैद्याच्या दुकानातून आणलेली, तपकिरी काचेची. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला, अन्नावरची वासना गेलेल्याला त्यातले दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. ते औषध होतं. त्याचा कोणाला कधी प्रश्न पडला नाही. पुढे नोकरीत असताना एकदा अशाच बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात आपोआप तयार झालेल्या मद्यार्काचं प्रमाण छापलेलं होतं. बाबांनी ते कधी वाचलं होतं की नाही, कोण जाणे. आता विचारायला कोणी नाही.

माझा मोठा भाऊ मिलिंद, आमचा दादा, नागपुरात रसायनशास्त्र शिकला आणि पुण्याच्या पलीकडे नोकरीला लागला. घरी एवढंच माहीत होतं की द्राक्षाचा कारखाना आहे. आई शेजारणींना सांगायची, "द्राक्षाचा रस काढते वो आमचा मिलिंद, मोठ्या मशिनीवर." खरं काय ते मला माहीत होतं, कारण दादा मला कॉलेजच्या पत्त्यावर वेगळी पत्रं लिहायचा. तिथे लाल वाइन तयार करायचे प्रयोग चालले होते आणि दादा प्रयोगशाळेत होता.

त्या पत्रांतून मी एक अख्खा मुलूख पाहिला. सह्याद्रीच्या पूर्वेच्या उतारावरची मुरमाड जमीन, जिथे पाणी उभं राहत नाही, दिवसा ऊन आणि हिवाळ्यात रात्री हाडं गोठवणारी थंडी. द्राक्षाची जात फ्रान्समधली, नाव कॅबरने सोव्हिन्यों. दादानं ते देवनागरीत लिहून खाली लिहिलं होतं, 'म्हणून पाहा, जीभ वळते का.' ही खायची द्राक्षं नव्हेत, तो लिहायचा. करवंदाएवढा दाणा, काळाशार, साल जाड आणि आत बियाच बिया. तोंडात टाकलं तर आपलं कच्चं टेंभरू खाल्ल्यासारखं तोंड आकसतं. गंमत अशी की काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो. लाल रंग सालीत असतो. म्हणून साली रसातच ठेवायच्या, त्या फसफसून वर येतात, आणि दिवसातून दोनदा लाकडी दांड्यानं त्या खाली दाबायच्या. ते काम करताना हात कोपरापर्यंत जांभळे होतात. मग ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरत ठेवायची. एकदा त्यानं साहेबाला विचारलं, आमच्याकडे आलापल्लीचा सागवान आहे, जगात नाव आहे त्याचं, त्याची पिंपं करू या का? साहेब पोट धरून हसला. सागाला तेल असतं, वास सोडतो. 'आपला साग इथे नापास झाला, सुजा,' असं त्यानं लिहिलं होतं, आणि मला तो टेबलाशी एकटा बसलेला दिसला होता.

एका पत्रात फक्त जेवणाबद्दल होतं. परदेशातून आलेल्या जाणकारानं सगळ्यांना विचारलं, ही वाइन तुम्ही कशासोबत वाढाल? बाकीच्यांनी पुस्तकातली नावं सांगितली. दादा म्हणाला, माझ्या आईच्या हातच्या बोकडाच्या मटणासोबत, जवसाचं वाटण लावलेल्या. त्यानं कारणही दिलं. मटणाची चरबी जिभेवर बसते आणि या वाइनचा तुरटपणा ती धुऊन काढतो. प्रत्येक घासाला जीभ नवी होते. मासळीबरोबर मात्र नाही, लोखंड चाटल्यासारखं होतं. मग आपली लाखोरीची डाळ, वांगं भाजून केलेलं भरीत, चुलीवर करपलेली भाकर, हे चालेल का, याचा त्यानं पानभर विचार केला होता. शेवटी लिहिलं होतं, 'मी स्वतः घोट गिळत नाही. तोंडात घेतो, घोळवतो आणि थुंकतो. इथे सगळे चाखणारे थुंकतातच, कामच तसं आहे. पण मला ते बाबांमुळे जमतं.'

त्या वर्षी थंडीत बाबांना हिवताप आला. आमच्याकडे तो दर वर्षी कोणाला ना कोणाला येतोच, पण बाबांना त्यानं पार झोपवलं. गोळ्यांनी ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भाताची पेज पुढे केली तरी मान फिरवायचे. गाल बसले. डोळ्यांत आधीच धुकं, आता आवाजही खोल गेला. अशा दिवसांत दादाचा एक मित्र सुटीवर घरी येताना वडशाच्या स्टेशनावर उतरला आणि आमच्याकडे वाकडी वाट करून आला. गवतात नि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली आणि बंद पाकीट देऊन, चहा घेऊन गेला. बाटलीवर नाव-गाव काही नव्हतं. प्रयोगातली होती ती. पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा चिकटवलेला, बस्.

"वाच, बाई," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. आई चुलीपासून उठून पदराला हात पुसत आली.

मी पाकीट फोडलं आणि आधी मनातल्या मनात सगळं पत्र भरभर वाचलं. पत्र बाबांनाच होतं. दादानं आडपडदा न ठेवता लिहिलं होतं, की मी दारूच्या कारखान्यात काम करतो. वाइन म्हटलं तरी ती दारूच. तुमच्यापासून दोन वर्षं लपवलं, आता लपवत नाही. सोबत बाटली पाठवतो आहे, ती तुम्ही प्यावी म्हणून नाही, तुमचा मुलगा काय करतो ते एकदा हातात धरून पाहावं म्हणून. मग फोडून टाका. तुम्ही नको म्हणालात तर मी ही नोकरी सोडतो. मला फक्त दोन ओळी लिहा. आणि समासात, माझ्यासाठी: 'सुजा, जसंच्या तसं वाच.'

मी वर पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते आणि चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला होता. कोनाड्यात द्राक्षासवाची रिकामी बाटली होती, त्याच महिन्यात संपलेली. मी वाचायला सुरुवात केली.

"तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार. आमच्या कारखान्यात द्राक्षाचं औषध तयार होतं. अशक्तपणावर चांगलं असतं. सोबत एक बाटली पाठवत आहे. रोज सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे."

चमचे मीच ठरवले. आवाज कापला नाही, याचं आजही नवल वाटतं. आज नको, अंगात ताकद येऊ दे, मग खरं सांगू, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटंही नव्हतं. पण मी फक्त 'खुशाल आहे' असं वाचून बाटली लपवू शकले असते, हेही खरं आहे. तसं मला सुचलं नाही. त्या क्षणी मला असं काहीतरी वाचायचं होतं की ज्यानं बाबांचा चेहरा उजळेल. आणि तो उजळला. "पाहा," ते आईला म्हणाले, "पोरगा औषध बनवून राह्यला!"

बूच निघेना. आईनं शेवटी बेलण्याच्या बारीक टोकानं ते आत ढकललं. एक चिळकांडी उडाली आणि तिच्या पांढऱ्या पातळावर जांभळा डाग पडला, जो कधीच गेला नाही. खोलीत वास पसरला. करवंदांचा, ओल्या लाकडाचा, थोडा मिरीचा. मोहाचा नव्हता तो. मोहाचा असता तर बाबांनी तापातही ओळखला असता. आईनं चमच्यानं मोजून दिलं, वर पाणी. बाबांनी तोंड वाकडं केलं. "तुरट आहे. म्हणजे गुणकारी असन."

आठवड्याभरात ते उठून बसू लागले. ताप गेल्यावर माणूस उठतोच, पण श्रेय बाटलीला गेलं. कवडूभाऊ मासे घेऊन आला तेव्हा बाबांनी कौतुकानं बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं नाकाशी धरली, एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. "वास तं लय चांगला आहे औषधाले," एवढंच म्हणाला. शेजारच्या मुक्ताबाईची लेक बाळंत होऊन आली होती, आईनं तिलाही वाटीत थोडं नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी औषध आंबायला लागलं, तर आई त्यात गुळाचा खडा घालू लागली.

मग बाबांनी दादाला पोस्टकार्ड सांगितलं. मी लिहायला बसले. ते म्हणाले, "लिही. चिरंजीव मिलिंदास आशीर्वाद. तुझं औषध मिळालं. रोज घेतो. तू चांगलं काम करून राह्यला. मले तुझा अभिमान वाटते. सुटी काढून येजो." मी शुद्ध भाषेत लिहिलं: 'तुझी बाटली मिळाली. रोज घेतो. तू चांगलं काम करतोस. मला तुझा अभिमान वाटतो. सुटी काढून ये.' औषध हा एक शब्द मी गाळला. तो लिहिला असता तर दादाला कळलं असतं की मी काय केलं. वाचताना घाई झाली म्हणता येईल. पण लिहिताना माझी लेखणी त्या जागी थांबली होती. मी विचार केला होता.

फाल्गुनात दादा आला. न कळवता, सकाळच्या एसटीनं. उंबऱ्यातच त्यानं बाबांचे पाय धरले आणि बराच वेळ डोकं वर उचललं नाही. बाबा गोंधळून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. "काय झालं रे? मी बरा आहो आता." दादा मला पाहून हसला आणि डोळे पुसले. आयुष्यात इतकं मोकळं हसताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. दुपारपर्यंत त्याला एकट्यात गाठून सांगायचं, असं मी ठरवलं. मग आईनं मसाला वाटायला बसवलं, मग पाणी आणायला पाठवलं, आणि मी दोन्ही कामं नेहमीपेक्षा हळू केली.

त्यानं स्वतः बाजारातून मटण आणलं. आईनं जवसाचं वाटण लावून केलं. कवडूभाऊ झिंगे घेऊन आला होता, त्यालाही बाबांनी जेवायला बसवून घेतलं. दारातून मोहाच्या पहिल्या फुलांचा वास येत होता. ताटं वाढली, आणि बाबा म्हणाले, "मिलिंद, तुझी बाटली सरली बरं. कालच सरली."

"एवढे दिवस पुरली?" दादा हसला.

"पुरन नाई तं काय? दोन चमचे सकाळी, दोन सांजेले. तुझी माय मोजून देते."

"चमच्यानं?" दादा आणखीच हसला. "बाबा, चमच्यानं कोणी घेते का हे! उघडली की दोन-तीन दिवसांत संपवा लागते, नाई तं आंबते."

"आंबलीच होती बाप्पा," आई म्हणाली. "मंग मी गूळ टाकला."

"गूळ!" दादानं कपाळाला हात लावला. "आमच्या साहेबाले सांगतो, तो नोकरी सोडून जाईन." कवडूभाऊ हसला नाही. तो भात कालवत राहिला. दादा उठला, पिशवीतून नवी बाटली आणि पेचाचं हत्यार काढलं, आणि बूच असं हलकेच काढलं की आवाजही झाला नाही. बोलत होता सारखा. ही त्याच द्राक्षाची, पण आणखी मुरलेली. मायच्या मटणासोबत कशी लागते ते जगात कोणी पाहिलं नाही, आज आपण पाहू. तुम्ही घेणार नसाल तर नुसता वास घ्या. मी चाखून सांगतो अन् मोरीत थुंकतो. तुम्ही एवढं घेतलं बाबा, मले वाटलं नव्हतं. मी तं फोडा म्हटलं होतं.

"औषध जेवणासंगं घेत असते का?" बाबांनी विचारलं.

"औषध?" दादा म्हणाला.

मी भाताची परात धरून दारात उभी होते. कवडूभाऊ हळूच म्हणाला, "गुरुजी, मले पहिल्याच दिवशी वास आला होता. म्हटलं, गुरुजी जाणूनच घेऊन राह्यले असन. मोठ्या माणसाले काऊन टोका?"

"काय होय हे, मिलिंद?"

"वाइन, बाबा. दारूच. पत्रात..." दादा बोलता बोलता माझ्याकडे वळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या परातीकडे पाहिलं. सगळं त्याला तिथल्या तिथे कळलं, हे मला दिसलं.

"मंग पत्रात औषध काऊन लिहिलं तू?" बाबांचा आवाज चढला नव्हता.

दादानं बाटली खाली ठेवली. मी तोंड उघडायला हवं होतं. त्याला उत्तर द्यायला लागलेला तो वेळ माझ्यासाठीच त्यानं मोकळा ठेवला होता, असं मला नंतर अनेकदा वाटलं. परात जड झाली, एवढंच मला आठवतं.

"चुकलं, बाबा," दादा म्हणाला.

"तू पेतं?"

"नाई. चाखतो अन् थुंकतो. आजवर घोट गिळला नाई."

"अन् मी गिळली," बाबा म्हणाले. भिंत चाचपत ते उठले, मोरीत गेले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले. आईनं दादाला विचारलं, "काऊन रे असं केलं, बाबू?" दादानं बूच परत बाटलीत दाबलं. मटण तसंच राहिलं. कवडूभाऊनं आपलं ताट स्वतः उचलून विहिरीवर नेऊन घासलं.

दुसऱ्या दिवशी दादा गेला. त्याला बसवर सोडायला मी गेले होते. वाटेत मी म्हणाले, "दादा, मी सांगते त्यांना." तो म्हणाला, "तुले वाटन तेव्हा सांग. पण तुझ्यावरचा भरवसा गेला तं त्यांच्याजवळ आता काय उरते? डोळे नाई, काई नाई." बस सुरू झाली तेव्हा खिडकीतून वाकून म्हणाला, "पेपर वाचून दाखवत जाजो. जसा आहे तसा." ही एवढीच बोलणी मी त्याच्याकडून खाल्ली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात लोक जमले. बाबांना धरून मीच नेलं होतं. ते पुढे उभे राहिले आणि नेहमीचं सुरू करायच्या आधी म्हणाले, "माझ्याकडून पाचवं शील मोडलं आहे. महिनाभर, रोज. अजाणता मोडलं, पण मोडलं. लोकांची मडकी मी फोडली, आणि माझ्या घरात बाटली होती. आज मला शील देता येणार नाही, घ्यायचं आहे." मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. एका तरुण पोरानं पंचशील दिलं आणि बाबा सगळ्यांसोबत शेवटच्या रांगेत बसून म्हणाले. त्यानंतर ते कधी पुढे उभे राहिले नाहीत. पाचव्या शिलाशी त्यांचा आवाज आता खाली जायचा. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असे.

मोतीबिंदू पिकला. ब्रह्मपुरीला शिबिरात ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. घरी आल्यावर त्यांनी सगळं डोळे भरून पाहिलं, आईच्या पातळावरचा डागसुद्धा. मग ओसरीवर बसून म्हणाले, "बाई, मिलिंदचं ते पत्र आण. माझ्या डोळ्यानं वाचतो. पोरगा खोटं लिहिणारा नव्हता. काऊन लिहिलं असन, पाहू दे."

पत्र माझ्या रसायनाच्या पुस्तकात होतं, पाच पावलांवर. मी आत गेले. पुस्तक काढलं, पत्र काढलं, हातात धरलं. मग पुन्हा ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाही सापडत. वाळवीनं खाल्लं असेल." चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसायचे. त्या मोठ्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्यांना काय कळलं, मला माहीत नाही. त्या दिवसापासून पेपर ते स्वतः वाचू लागले, हे तर चष्म्यामुळे साहजिकच होतं.

दादानं नोकरी सोडली. बाबांनी सोड म्हटलं नव्हतं, त्या दुपारनंतरच्या कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पुढे तो औषधांच्या कंपनीत लागला, खरोखरीच्या औषधांच्या, आणि तिथेच निवृत्त झाला. बाबा गेले तेव्हा आला, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी परत गेला. माझ्या लग्नात त्यानं सगळं केलं, माझ्या मुलींची नावं ठेवली. चाळीस वर्षांत त्या दुपारचा विषय त्यानं काढला नाही आणि मी काढू दिला नाही. त्याच्या घरी जेवायला मटण असलं की मी म्हणायची, आज भूक नाही.

गेल्या थंडीत दादा गेला. पुण्यानुमोदनाला, त्याच्या श्रद्धांजलीच्या विधीला, मी गेले होते. पाहुणे पांगल्यावर त्याच्या मुलीनं, मैत्रेयीनं, त्याच्या कपाटातली एक चपटी डबी आणली. त्यात पेचाचं ते हत्यार होतं, आणि एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. "आत्या, हे अक्षर तुमचं आहे ना? आजोबांना पप्पांचा एवढा अभिमान होता, तर मग पप्पा आरमोरीला का जात नव्हते? मी विचारलं की म्हणायचे, आत्याला विचार, ती सांगेल तेव्हा सांगेल."

मी पत्र सोबत नेलं होतं. का नेलं होतं ते मला माहीत नव्हतं. पर्समधून काढलं. घड्यांवर झिजलं आहे, पण शाई गेलेली नाही. वहिनी समोर येऊन बसल्या. "मला दाखवा," मैत्रेयीनं हात पुढे केला. मी म्हटलं, "नको. मी वाचते. मलाच सांगितलं होतं वाचायला."

चष्मा पुसला. "तीर्थरूप बाबांस," मी वाचलं, "साष्टांग नमस्कार. दोन वर्षं एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मी..." तिथे जीभ अडली. इतक्या वर्षांनी, ज्यांच्यापासून लपवायचं ते दोघंही नसताना, जीभ आपोआप दुसरा शब्द शोधू लागली. मैत्रेयी वाट पाहत होती.

"काय लिहिलंय, आत्या?"

"मी दारूच्या कारखान्यात काम करतो," मी वाचलं, आणि मग समासातल्या ओळीसकट शेवटपर्यंत वाचत गेले.